ज्ञानोदयाचा पाठ आणि विद्यार्थ्यांचे मंडळ



युरोपातील ज्ञानोदयाचे तत्त्वज्ञान माध्यमिक शाळेत शिकवावयाचे म्हणजे एका विसंगतीला सामोरे जाणे होय. माणसाने दुसऱ्याच्या बुद्धीने चालणे सोडून स्वतःची बुद्धी वापरण्याचे धैर्य करावे, असा ज्ञानोदयाचा अर्थ कांटने १७८४ साली सांगितला. हाच विचार शिक्षकाने फळ्यावर लिहून दिला आणि मुलांनी तो घोकला, तर शब्द हाती लागतात, विचार मात्र निसटतो.

यावरचा उपाय परका नाही. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन झाली. विद्यार्थ्यांनी निबंध वाचावेत व त्यांवर चर्चा करावी, हा तिचा प्रघात. तिच्या मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक शाखांनी नवे ज्ञान मातृभाषांत आणले; १८४९ पासून याच तरुणांनी मुलींच्या शाळा चालविल्या. चर्चेला कृतीचे फळ आले.

सिल्वासात मराठी, गुजराती, वारली, कोकणा बोलणारी मुले शेजारी शेजारी वाढतात. त्यांच्यापुढे ठेवण्याजोगा प्रश्न याच मातीत आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा व नगर हवेली भारतात विधिवत विलीन झाली. मधली सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला. हा अधिकार तिला कोठून मिळाला? एका गटाने लॉकची संमतीची कसोटी लावावी. दुसऱ्याने माँतेस्क्यूच्या सत्ताविभाजनाची. तिसऱ्याने रूसोच्या सामूहिक इच्छेची, आणि त्या इच्छेत पाड्यावरच्या वारली शेतकऱ्याचा आवाज किती होता, हेही विचारावे.

मात्र गट केले म्हणजे बुद्धी मुक्त झाली, असे नव्हे. चार मुलांत एक हुशार बोलतो, उरलेले माना डोलावतात. गुरूच्या जागी पुढारी येतो, इतकेच. म्हणून चर्चेपूर्वी प्रत्येकाने आपले मत चार ओळींत लिहावे, चर्चेनंतर ते का बदलले किंवा का टिकले, तेही नोंदवावे. एकमत हे यशाचे माप मानू नये. कारण देता येणे हे मानावे.

या कामी ग्रंथालय हा शाळेचा खरा सोबती आहे. एकाच प्रश्नावरची परस्परविरोधी पुस्तके तेथे एकाच कपाटात गुण्यागोविंदाने नांदतात. ती कपाटे आठवी-नववीच्या मुलांसाठी खुली करणे, हे शतक पाहिलेल्या संस्थेला शोभणारे पुढचे कार्य ठरेल.