ज्यांचे हात ऐकत नाहीत



शिक्षक आणि लेखक एकत्र बसतात असे मेळावे थोडे. त्यातल्या एकाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, तर त्याचा उपयोग मी एकाच विषयासाठी करणार आहे. जवळजवळ प्रत्येक वर्गात असतात, पण हजेरीपटावर ज्यांची वेगळी नोंद नसते, अशा मुलांबद्दल मला बोलायचे आहे.

या मुलाच्या शर्टाचे बटण चुकीच्या काजात जाते. पाचवीत गेले तरी बुटाची नाडी आई बांधते. मधल्या सुट्टीत खिचडीचे ताट दोन्ही हातांनी धरून ते व्हरांड्यातून येते, नजर ताटावर खिळलेली, त्यामुळे पायरी दिसत नाही. खिचडी सांडते आणि पंगतीत बसलेली सगळी पोरे एकदम हसतात. लिहायला बसले की पेन्सिल इतकी आवळून धरते की बोटांची टोके पांढरी पडतात, अक्षर मागच्या दोन पानांवर उमटते. डावा हात वही धरायचे विसरतो, वही फिरते, ओळ वर चढते. खोडायला जावे तर पान फाटते. शेजारच्याचा धडा उतरवून होतो तेव्हा याच्या चार ओळी झालेल्या असतात आणि मनगट ठणकत असते. तोंडी विचारा, तो अख्खा धडा सांगेल.

अशा मुलाला आपल्याकडे काय काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. वेंधळा, धांदरट, ठोंब्या. ‘हातात जीव नाही का रे?’ कबड्डीचे गडी वाटून घेताना ते शेवटपर्यंत उभे असते, आणि ज्याच्या वाट्याला येते तो कपाळाला हात लावतो. मुलगी असेल तर तिची परीक्षा चुलीपुढे होते. भाकरी हातावर फाटली की कुणीतरी म्हणतेच, ‘सासरी काय दिवे लावणार ही?’ आपला हा भोर-वेल्ह्याचा भाताचा मुलूख. आवणीच्या दिवसांत सगळे घर चिखलात एका लयीत वाकलेले असते, आणि या पोराची पात मागे राहते, रोपे तिरकी लागतात. बांधावरून शब्द येतो, ‘हे काही कामाचं नाही.’ पोर ते ऐकते, आणि पुढच्या वर्षी खाचरात उतरायलाच तयार होत नाही.

हा आळस नव्हे, लाडावलेपण नव्हे, बुद्धीची उणीव तर मुळीच नव्हे. डोळ्यांनी पाहिलेले आणि मनात ठरवलेले हातापायांकडून करून घ्यायला मेंदू जी आखणी करतो, ती इथे अडखळते. इतरांच्या जे सहज अंगवळणी पडते, ते या मुलाला दरवेळी नव्याने लक्ष घालून करावे लागते. डॉक्टर याला हालचालींच्या समन्वयाचा विकासात्मक विकार म्हणतात. डिस्प्रॅक्सिया हेही नाव चालते. शाळकरी मुलांत याचे प्रमाण साधारण पाच ते सहा टक्के धरतात. म्हणजे चाळीसच्या पटावर दोन मुले. मुलग्यांत ते जास्त आढळते, आणि दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळांना धोका अधिक. ‘हॅरी पॉटर’चा नट डॅनियल रॅडक्लिफ याने २००८ मध्ये उघडपणे सांगितले की आपल्याला हा त्रास आहे आणि बुटाची नाडी बांधणे अजूनही जड जाते.

या मुलांत पुढे चिंता आणि उदासी जास्त दिसते, आणि चिडवले जाण्याचा, खेळातून वगळले जाण्याचा त्यात वाटा असतो. हसतील म्हणून मूल खेळत नाही. खेळत नाही म्हणून सराव नाही. सराव नाही म्हणून पुढच्या वेळी आणखी हसे होते. त्रासाची सुरुवात मेंदूत असेल, पण तो वाढतो तो चारचौघांत.

आता अक्षराविषयी. वरंधा घाट उतरला की पलीकडे शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांचा दासबोध तिथे लिहिला गेला असे परंपरा सांगते. त्याच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. सुंदर अक्षराचा आग्रह मराठी माणसात इतका जुना आहे, आणि मला तो प्रिय आहे. पण पोथ्या हाताने उतरवण्याच्या काळात समर्थांना चांगले लेखनिक घडवायचे होते. चौथीतल्या पोराच्या अक्षरावरून त्याची शिस्त, त्याचे घर आणि त्याची अक्कल ठरवायला त्या समासात कुठेही आधार नाही.

कायदा आपल्या पुढे गेलेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता मानली आहे, आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचा नावानिशी उल्लेख आहे. शिक्षणहक्क कायद्याचे १७वे कलम मारण्याइतकीच मानसिक छळालाही मनाई करते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येते. त्या दिवशी ‘या मुलाचे हात पाहा’ एवढे शिक्षकाने सांगायचे आहे. पण पालक पुढे येत नाहीत, कारण एकदा शिक्का बसला की सुटत नाही, ही धास्ती. ती खोटी आहे असे मी कसे म्हणू?

लेखकांशी जरा जास्त बोलायचे आहे. ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट २००७चा. मांढरदेवीचा घाट ओलांडून वाईला उतरले की वर पाचगणी, तिथल्या शाळेत त्याचे चित्रीकरण झाले. लोकांच्या लक्षात त्यातल्या मुलाची वाचनातली अडचण राहिली. पण त्या मुलाला चेंडूही नीट परत फेकता येत नाही, आणि त्यावरून तो मार खातो. शेवटी तो चित्रात सगळ्यांना मागे टाकतो आणि जग त्याला स्वीकारते. मला तो चित्रपट मनापासून आवडतो. तरी हा शेवट मला खुपतो. आपल्या बालकथांतही वेंधळा पोरगा एक तर हसवण्यासाठी येतो, नाहीतर शेवटच्या पानावर बक्षीस मिळवून सुटतो. ज्याला चित्र येत नाही, गाणे येत नाही, त्याने काय करायचे? मला अशी गोष्ट हवी आहे जिच्यात नाडी शेवटपर्यंत सैलच राहते, चेंडू शेवटपर्यंत भलतीकडेच जातो, आणि तरी त्या मुलाला दोन जिवाभावाचे मित्र असतात. कुणाला हरवल्याशिवाय मिळालेले. अशी गोष्ट तुम्ही लिहा. वर्गात ती मोठ्याने वाचली जाईल तेव्हा ते मूल पहिल्यांदाच मान वर करून ऐकेल.

दुपारच्या सत्रात एक ठराव मांडावा अशी माझी विनंती आहे. विज्ञानाच्या, इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत अक्षराचे गुण कापू नयेत. खेळाचे गडी चिठ्ठ्या टाकून वाटावेत. वही वर्गापुढे उंच धरून दाखवू नये, ना कौतुकासाठी ना शिक्षेसाठी. ज्याला हवी त्याला जाड पेन्सिल आणि दहा मिनिटे जास्त मिळावीत, कागदपत्रे येईपर्यंत न थांबता. सूचक म्हणून माझे नाव लिहा. अनुमोदक मात्र रोज वर्ग घेणारा शिक्षक असावा.