दुकान नवं झालं. आम्हांला कुणी विचारलं?

(महिला मंडळं आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)

कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय वाचून काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. सकाळी आपण पोटगीवर बोललो, दुपारी घरातल्या मारहाणीच्या केसेसवर, आणि आता ही बाई उठून सुपरमार्केटच्या रंगरंगोटीवर बोलणार! मलाही सुरुवातीला हा विषय हलकाच वाटला होता. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेताना मी उपभोगवादावर एक लांबलचक निबंध लिहिला होता. त्यात पिशवी घेऊन दुकानात जाणाऱ्या एकाही बाईला मी काही विचारलं नव्हतं. विचारायची वेळ कशी आली, ते सांगते.

आम्ही काम करतो त्या वस्तीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर किराणा-भुसाराचं एक मोठं दुकान आहे. ते दीड महिना बंद होतं. उघडलं तेव्हा पाटी नवी, नाव नवं, भिंतींचा रंग नवा, आणि आतली मांडणी पार उलटीपालटी. त्या आठवड्यात आमच्या मंडळाची बैठक रेशनकार्डांवर ठरली होती, पण तासभर बायका दुकानावरच बोलत राहिल्या. मी दोनदा विषयावर आणायचा प्रयत्न केला. शेवटी एक मावशी म्हणाल्या, "ताई, कार्डाचं तू बघशीलच. हे कोण बघणार?" मग मी वही काढली. पुढच्या तीन बैठकांत ऐकलेलं त्या वहीत आहे.

दुकानांची नावं बदलणं ही काही नवी गोष्ट नाही. २००१ साली सुरू झालेलं बिग बझार आपल्या शहरांत घराघरांत पोचलं होतं. २०२२ साली त्याच्या अनेक जागा दुसऱ्या कंपनीकडे गेल्या आणि तिथे स्मार्ट बझारच्या पाट्या लागल्या. मालक बदलतो, भाडेकरार बदलतो, तशी पाटी बदलते. हे व्यवहार कोटींचे असतात. पण पाटीखालून रोज आत-बाहेर करणारी बहुतेक बाईच असते, आणि त्या व्यवहारात तिला कुठे जागा नसते.

आमच्या दुकानाने तिचं मत विचारलं नाही असं मात्र नाही हं! गल्ल्याजवळ एक छापील कागद ठेवला होता. इंग्रजीत. नवा रंग कसा वाटला, संगीत कसं वाटलं, 'एकूण अनुभवाला' पाचपैकी किती तारे द्याल, आणि खाली मोबाईल नंबर. वस्तीतल्या एकीनेही तो भरला नाही. ज्या गोष्टींवर बायका तासभर बोलत होत्या, त्यांतली एकही त्यात नव्हती.

काय बोलत होत्या त्या?

पहिली गोष्ट सुट्या मालाची. पूर्वी डाळ, शेंगदाणे, गूळ तोलून मिळायचं. पाव किलो, अर्धा पाव, जेवढे पैसे तेवढं. आता सगळं पाकिटात. रोज हातावर पोट असलेल्या बाईला किलोचं पाकीट स्वस्त पडतं हे कळतं, पण त्यासाठी हातात एकदम पैसे लागतात. म्हणून ती दहा रुपयांचं छोटं पाकीट घेते आणि किलोमागे जास्त मोजते. गरिबाला महाग पडतं ते असं. शिवाय किंमत तीच ठेवून आतलं वजन कमी करणं हा कंपन्यांचा जुना धंदा. २०२१ साली पाकीटबंद मालाच्या नियमांत दुरुस्ती झाली. ठरावीक वजनांचीच पाकिटं करायची सक्ती गेली, आणि त्याबदली ग्रॅममागे किंवा किलोमागे किंमत किती हे छापायला सांगितलं गेलं. बैठकीत आम्ही एकाच साबणपुडीची दोन पाकिटं आणून ती बारीक अक्षरं वाचली. भिंग घ्यावं लागलं! पण हिशेब मांडल्यावर बायका गप्प झाल्या, आणि मग चिडल्या.

दुसरी गोष्ट मांडणीची. "सगळं हलवून ठेवलंय, मीठ शोधायला अख्खं दुकान फिरले," असं प्रत्येकीने सांगितलं. हा घोळ गबाळेपणातून होत नाही. रोज लागणारं पीठ, तेल, दूध आत दूरवर ठेवलं की तिथे पोचेपर्यंत बाईची नजर दहा इतर वस्तूंवरून फिरते. डोळ्यांच्या रेषेत असते ती फळी सगळ्यांत मोलाची, आणि तिथे माल दिसावा म्हणून कंपन्या पैसे मोजतात. स्वस्त माल पायाशी, तो काढायला वाकायचं. पैसे देण्याच्या रांगेत चॉकलेटं मुलांच्या हाताच्या उंचीवर. मूल रडतं, आई ओशाळते, मागचे लोक बघतात, आणि चॉकलेट पिशवीत जातं. घरी गेल्यावर 'पैसे उडवले' म्हणून बोलणी कोणाला? मांडणाराला कोणी बोलत नाही.

तिसरी गोष्ट बाकाची. जुन्या दुकानात दाराशी एक लाकडी बाक होता. म्हाताऱ्या बाया तिथे टेकायच्या, गुडघे धरून बसायच्या. शेजारच्या फळ्यावर आमच्या शिवणवर्गाची नि आरोग्य तपासणीची चिठ्ठी लागायची. त्या जागी आता थंड पेयांचं कपाट आहे. एक आजी म्हणाल्या, "आत गार हवा आहे, पण टेकायला जागा नाही. गार हवेने गुडघे आणखीनच दुखतात."

इथपर्यंत माझा जुना निबंध खूश होता. सगळं मला वाटलं होतं तसंच चाललं होतं. पण चौथीने बोलायला सुरुवात केली आणि माझी अडचण झाली.

ती लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी वस्तीत आलेली. म्हणाली, "ताई, मला नवं दुकान आवडतं." सगळ्या तिच्याकडे वळल्या. ती सांगत गेली. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेलं की तो संध्याकाळी सासऱ्यांना सांगतो, सुनेने काय काय नेलं. उधारीची वही त्याच्याकडे, म्हणून तोंड उघडायची सोय नाही. मासिक पाळीचे पॅड मागितले की तो इकडेतिकडे बघत वर्तमानपत्रात गुंडाळून देतो, जणू चोरीचा माल. नव्या दुकानात ते फळीवर उघडे असतात. आपण हाताने घ्यायचे, किंमत वाचायची, परत ठेवायचे, दुसरे घ्यायचे. कोणी काही विचारत नाही. "घराबाहेर एकटीने जायचं म्हटलं तर मला हीच एक जागा आहे. पंधरा मिनिटं नुसती फिरते. काही घेत नाही."

मैत्रिणींनो, मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. ज्या दुकानाला मी बाजारू संस्कृतीचं ठाणं म्हणत होते, ते या मुलीला मोकळा श्वास घ्यायची जागा वाटत होतं. आणि ज्या वाण्याला मी आपला, माणुसकीचा वगैरे समजत होते, तो तिच्यावरचा पहारा होता. दोन्ही खरं होतं. तिला तेवढीच मोकळी जागा मिळाली, हा दोष दुकानाचाही नाही आणि तिचा तर नाहीच. तो घराचा आणि वस्तीचा आहे, म्हणजे आपल्या कामाचा आहे.

पण तिच्या मोकळेपणालाही एक गाठ होती. पैसे देताना मोबाईल नंबर मागतात. तिचा स्वतःचा फोन नाही, म्हणून ती नवऱ्याचा नंबर द्यायची. बिलाचा मेसेज त्याच्या फोनवर. म्हणजे वाण्याची चुगली गेली आणि मशीनची आली! नंबर दिल्याशिवाय माल देणार नाही असा हट्ट विक्रेत्यांनी धरू नये, असं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ च्या मे महिन्यात सांगितलं आहे. हे कळल्यावर ती पुढच्या वेळी गेली आणि 'नंबर देणार नाही' म्हणाली. गल्ल्यावरच्या मुलीने मान हलवून बिल केलं. ती धावत सांगायला आली. नवऱ्याला, सासूला, कोणालाही आजवर 'नाही' न म्हणालेली ही मुलगी. पहिलं 'नाही' तिने साबण-तेलाच्या बिलावर म्हटलं.

आता त्या गल्ल्यावरच्या मुलीबद्दल. सर्वांत महत्त्वाचं हेच, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, बायकांच्या आलं. नव्या मांडणीत गल्ल्यामागची स्टुलं काढून टाकलेली होती. मुली नऊ-नऊ तास उभ्या. नवा गणवेश, नवा रंग, चेहऱ्यावर हसू ठेवायची सूचना. त्यांतली एक आमच्याच वस्तीतली. तिची आई म्हणाली, "घरी आली की पाय गरम पाण्यात घालून बसते. पाणीही कमी पिते, कारण संडासला जायला सुपरवायझरला विचारावं लागतं." ज्यांच्याशी आपण घासाघीस करतो, ज्यांच्यावर रांग लांबली म्हणून खेकसतो, त्या आपल्याच पोरी आहेत.

हा प्रश्न सुटत नाही असं नाही. केरळात कोळिक्कोडच्या कापड दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी विजी यांच्या पुढाकाराने 'पेनकूट्टु' ही संघटना उभारली. आधी मागितला संडास, मग मागितला बसण्याचा हक्क. लोक हसले, की बसायला काय आंदोलन करायचं! २०१८ साली केरळ सरकारला दुकाने कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक करावी लागली. २०२१ साली तमिळनाडूनेही तसाच कायदा केला. कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय हवी, हे १९४८ च्या कारखाना कायद्यात लिहिलं गेलं होतं. दुकानातली बाई कामगार आहे, हे दिसायला आणखी सत्तर वर्षं लागली.

आम्ही काय केलं? छापील कागद बाजूला ठेवून आमचं मत आमच्या भाषेत लिहिलं. पाच मागण्या. दाराशी बाक. डाळी-शेंगदाणे सुटे. किमतीच्या चिठ्ठ्या मराठीत आणि मोठ्या अक्षरांत. नंबर ऐच्छिक असल्याची पाटी. गल्ल्यावर स्टुलं. वीसजणी मिळून गेलो. व्यवस्थापक सभ्य होते. म्हणाले, मांडणी 'वरून' ठरते. आमच्यातल्या एकीने विचारलं, "वर म्हणजे कुठे? पत्ता द्या." पत्ता मिळाला. पत्र पोष्टाने रजिस्टर करून पाठवलं.

दोन महिन्यांनी बाक आला. लाकडी नाही, लोखंडी, पण आला. चिठ्ठ्या मराठीत झाल्या. डाळ-तांदळाच्या सुट्या मालाचा एक कोपरा झाला. नंबर आता आग्रहाने मागत नाहीत, पण पाटी लावलेली नाही. स्टुलं आली नाहीत. मुलींना आम्ही पुढे केलं नाही, त्यांची नोकरी जाईल म्हणून. आणि त्यांना सोबत घेतल्याशिवाय ही मागणी पुरी होणार नाही, हेही आता कळतं आहे. सध्या त्यांच्यापैकी तिघी सुटीच्या दिवशी मंडळात येऊन बसतात. हो, बसतात!

शेवटी एवढंच. किराणा हा बायकांच्या चळवळीला परका विषय कधीच नव्हता. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या वेगवेगळ्या पक्षांतल्या बाया महागाईविरोधात एकत्र आल्या आणि हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. घरं एकत्र येऊन महिन्याची यादी करायची, माल एका घरी उतरवून घ्यायचा आणि वाटून घ्यायचा, ही पद्धत तिने रुजवली. त्या वाटपाचा भार कितीतरी बायकांनी वाहिला. त्या बायकांनी तारे दिले नाहीत. तेल का नाही, ते विचारलं.

तुमच्या गावात, पेठेत दुकान नवं होईल तेव्हा तीन गोष्टी बघा. सगळ्यांत कमी पैसे असलेल्या बाईला आत काय मिळतं? थकलेल्या बाईला कुठे टेकता येतं? आणि गल्ल्यामागची बाई बसली आहे की उभी? फसवणूक झाली असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करा. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही जाता येतं. पण त्याच्याही आधी एक वही घ्या आणि शेजारणीला विचारा, तुला कसं वाटलं. आणि तिने तुमच्या निबंधाविरुद्ध काही सांगितलं, तर तेही लिहून घ्या.