फा : पाण्याचे अक्षर, धम्माचे अक्षर

(पाली, जि. पुणे येथील वर्षावासातील भाषण)

 

आपल्या गावाचे नाव पाली आणि तिपिटकाची भाषाही पाली. हे नुसते नावांचे साम्य आहे. पण त्या निमित्ताने पालीतील 'धम्म' या शब्दाला चीनमध्ये कोणते अक्षर मिळाले, ते सांगतो. ते अक्षर 'फा'.

'फा'च्या डाव्या अंगाला पाण्याची खूण असते, उजवीकडे 'जाणे' या अर्थाची. जुन्या रूपात एक शिंगाचा काल्पनिक प्राणीही होता. इ. स. 100 च्या सुमारास श्यू शेन या पंडिताने आपल्या कोशात याची फोड केली. कायदा पाण्यासारखा समपातळीत असावा, म्हणून पाणी. आणि तंट्यात जो खोटा, त्याला तो प्राणी शिंगाने हुसकून लावी, म्हणून बाकीच्या दोन खुणा.

प्राचीन ग्रंथांत 'फा'चे अर्थ अनेक : शिक्षा, कायदा, नमुना, पद्धत. सुन्झच्या युद्धविषयक ग्रंथाच्या नावात तो 'पद्धत' या अर्थाने येतो. क्रियापद म्हणून 'आदर्श मानून वागणे' असाही अर्थ होतो. इ. स. पू. 3 ऱ्या शतकातील हान फेइ याच्या पंथाचे नावच 'फा'वरून पडले. उमरावाला आणि रयतेला कायदा एकच, हे त्याचे म्हणणे. मात्र त्याची सारी भिस्त शिक्षेवर आणि बक्षिसावर होती.

पुढे बौद्ध भाषांतरकारांनी 'धम्म'साठी हेच अक्षर घेतले. इ. स. 399 मध्ये भारताकडे निघालेल्या फाशिएन या भिक्खूच्या नावातला 'फा' म्हणजे धम्मच. शिक्षेच्या अक्षरात आता शील आणि करुणा आली. या चिनी भाषांतरांचे मोल आपल्या पुण्यातही ओळखले गेले. 'विमुत्तिमग्ग' हा ग्रंथ चिनी भाषांतरात टिकला होता, प्रा. पु. वि. बापट यांनी त्याची 'विसुद्धिमग्गा'शी तुलना करून 1937 साली ग्रंथ प्रसिद्ध केला.

बंधुभगिनींनो, पाण्याची आणि कायद्याची ही सांगड आपल्याला परकी नाही. भोरहून वरंध घाट उतरला की महाड. तेथे 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पुढे संविधानाच्या कलम 15 मध्ये विहिरी, तलाव सर्वांना खुले झाले. एवढा कायदा करूनही ते तेथे थांबले नाहीत. 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांनी आपल्याला धम्म दिला. कारण कायदा हात अडवतो, पण मनातला विटाळ धुवायला धम्मच लागतो.

कायदा आणि धम्म या दोहोंना चिनी माणसाने एकच अक्षर दिले. आपण ती दोन्ही एका माणसाकडून घेतली आहेत. तेव्हा आपल्या पाणवठ्यावर, पंगतीत आणि घरात लेकीसुनांशी वागताना पातळी समान आहे का, हे प्रत्येकाने तपासावे. हीच 'फा'ची खरी ओळख.

नमो बुद्धाय! जयभीम!