माझ्याच हातची चाळणी



पुण्यात नोकरभरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये मी एक चाळणी लिहिली होती: दहावीपासून सलग ६० टक्के. तिच्यातून आपल्याच गावची एक मुलगी गळली. दहावीला ५८ होते. (माझे सहामाहीचे गणित बाईंना आठवत असेलच!) अट मी काढायला लावली, पण उशिरा.

इकडे शिरोली, गोकुळ शिरगावचे आपले फाउंड्रीवाले म्हणतात, माणूस मिळत नाही. आयटीआयची पोरं म्हणतात, सगळे अनुभव मागतात. मग पहिला अनुभव द्यायचा कुणी? शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ पासून आहे की!

तर कारखानदार मित्रांनो, यंदा किती शिकाऊ घेणार? मुलीही धरा. जेवणाआधी आकडा सांगा, वही घेऊन मी दारातच बसले आहे.