सिल्कीचं पिल्लू घरी आणताय? आधी हे ऐका

एसटीत खिडकीजवळ बसून ऐकत असाल तर मजेत ऐका, आणि स्क्रीनवर वाचत असाल तर हे त्याच भागाचं लिखित रूप आहे.

गेल्या काही महिन्यांत मला एकच मेसेज वेगवेगळ्या नावांनी येतोय. "ताई, ती रीलमधली कापसाच्या बोळ्यासारखी कोंबडी आहे ना, तिची चार पिल्लं मिळतायत. घेऊ का?" ही कापसाची कोंबडी म्हणजे सिल्की. मी चिपळूणजवळ राहते. आमच्या परसात गावरान कोंबड्या आजीच्या काळापासून आहेत आणि गेली सहा वर्षं सिल्कीही आहेत. त्यामुळे उत्तर देते, पण एका ओळीत नाही.

सिल्कीमध्ये आपल्याला जे जे गोड वाटतं, ते बहुतेक वेळा तिच्याकडे काहीतरी कमी असल्यामुळे दिसतं. तिच्याकडे जे कमी आहे ते पाळणाऱ्याला पुरवावं लागतं. आजचा भाग एवढ्यावरच आहे.

पिसांपासून सुरुवात करू. गावरान कोंबडीचं पीस हातात घेऊन बघा. मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंचे बारीक तंतू एकमेकांत अडकलेले असतात, अगदी जॅकेटच्या चेनसारखे. त्या तंतूंना सूक्ष्म आकडे असतात, म्हणून पीस सपाट राहतं, पाणी ओघळून जातं आणि पंख हवा कापतो. सिल्कीच्या पिसात हे आकडे नीट तयारच होत नाहीत. चेन उघडी राहते आणि पीस केसांसारखं मोकळं होतं. हात फिरवायला छान वाटतं, पण ती उडू शकत नाही आणि पावसात कापसासारखी भिजते. आमच्याकडे जूनपासून जो पाऊस धरतो, त्यात गावरान कोंबडी फणसाखाली उभी राहून पंख झटकते आणि पुन्हा किडे टिपायला लागते. सिल्की मात्र आतपर्यंत भिजते आणि गारठते. म्हणून पावसाळ्यात तिला चारही बाजूंनी आडोसा, जमिनीपासून उचललेलं खुराडं आणि कोरडं तूस लागतंच. तिच्या पायांवरही पिसं असतात. त्यांना चिखलाचे गोळे चिकटतात, तेही पाहावं लागतं.

आता तिची ओळख. ही जात मूळची चीनची. तेराव्या शतकात मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात फुजियान भागातल्या, मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख येतो. अमेरिकेत १८७४ साली कोंबड्यांच्या जातींची पहिली अधिकृत मानकं ठरली, तेव्हा त्यात सिल्की होती. म्हणजे रील आज आली असली तरी कोंबडी फार जुनी आहे.

खूण काय? पायाला चारऐवजी पाच बोटं. कानपाळी निळसर. तुरा करवतीसारखा नसून अक्रोडासारखा गुठळीदार. आणि पिसं बाजूला केली की कातडी काळी, हाडंही काळपट. इथे आपल्याला लगेच कडकनाथ आठवतो, आणि ते बरोबरच आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा काळेपणा आणि सिल्कीचा काळेपणा जनुकातल्या एकाच प्रकारच्या बदलामुळे येतो. पण काळ्या रंगावर भुलून पैसे टाकणाऱ्यांचं काय होतं, तेही आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलंय. २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथच्या नावावर शेतकऱ्यांच्या फसवणुकीचं प्रकरण गाजलं होतं. म्हणून सिल्की घेताना "वर्षात पैसे दुप्पट" असं कोणी सांगितलं, तर तिथूनच परत फिरा. सिल्की वर्षाला साधारण शंभर-सव्वाशे अंडी देते आणि तीही लहान. धंद्याचं गणित तिच्यावर मांडू नका.

प्रकारांबद्दलही खूप विचारणा असते. एक फरक दाढीचा. काहींच्या गालाखाली पिसांचा झुपका असतो, काहींच्या नसतो. दुसरा फरक रंगाचा. पांढरा, काळा, निळा, पिवळसर तांबूस, तित्तिरासारखा पट्टेदार, राखाडी आणि 'स्प्लॅश', म्हणजे फिक्या अंगावर निळसर शिंतोडे. पिसांचा रंग कोणताही असला तरी कातडी काळीच. निळ्या रंगाचं गणित मात्र लक्षात ठेवा, कारण फसवणूक तिथे होते. निळा नर आणि निळी मादी यांची पिल्लं सगळी निळी होत नाहीत. सरासरी निम्मी निळी, पाव काळी आणि पाव स्प्लॅश. "आमच्याकडे निळ्याला निळंच निघतं" असं कोणी छातीठोक सांगत असेल, तर त्याला हे गणित माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नसावं असं त्याला वाटतं. खरं तर काळा आणि स्प्लॅश यांची जोडी लावली, तर पिल्लं सगळी निळी येतात.

अजून एक सापळा. एक दिवसाचं पिल्लू कोणत्याही जातीचं असो, ते कापसासारखंच दिसतं. सिल्की आणि गावरान यांच्या संकरातून आलेल्या पिल्लाला पाच बोटं आणि काळपट कातडी येऊ शकते, पण त्याची पिसं पुढे साधीच निघतात. कारण मऊ पिसाचा गुण आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. म्हणून शक्य असेल तर तीन-चार आठवड्यांचं पिल्लू घ्या आणि पंख उघडून बघा. पंखाची पिसं पात्यासारखी सपाट, गुळगुळीत असतील तर ती शुद्ध सिल्की नाही. विस्कटलेली, झालरीसारखी असतील तर ठीक.

आता पिल्लांची पहिली पाच-सहा आठवडे कशी काळजी घ्यायची ते सांगते. पेन घ्यायचा तर घ्या.

पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी करत जायचं. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा, ती स्वतःच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजतेय. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय. सगळी एकाच कोपऱ्यात दाबून बसली असतील तर दुसरीकडून वारा येतोय. खोकाभर पसरून निवांत टिपत असतील तर सगळं बरोबर आहे. आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तयार ठेवते. खोक्यात नुसता वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद टाकू नका. पिल्लांचे पाय घसरतात, फाकतात आणि मग सरळ होणं अवघड जातं. तूस किंवा खरबरीत कापड चांगलं.

पाण्याच्या भांड्यात छोटे गोटे टाका, म्हणजे पिल्लू त्यात पडून भिजणार नाही. खाणं म्हणजे चिक स्टार्टर. नुसत्या कण्या आणि भातावर सिल्कीचं पिल्लू धरत नाही. रोज शेपटीखाली बघा. विष्ठा सुकून चिकटली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. विष्ठेत रक्त दिसलं, पिल्लू फुगून बसलं, तर रक्ती हगवणीची शक्यता असते. तिथे घरगुती प्रयोग करत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवा.

लसीबद्दलही तेच. आपल्याकडे ज्याला मानमोडी म्हणतात, त्या राणीखेत रोगाची पहिली लस पहिल्याच आठवड्यात द्यायची असते. लसीची बाटली एकदम शे-दोनशे पक्ष्यांसाठी असते, चार पिल्लांना कोण घेणार? म्हणून वाडीतल्या दोन-चार घरांनी मिळून पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारायचं. मरेक नावाचा एक रोग आहे, त्याला सिल्की फार लवकर बळी पडते. त्याची लस पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्याच दिवशी देतात. म्हणून विकणाऱ्याला हा प्रश्न विचारायचाच, "मरेकची लस दिलीय का?"

आता डोकं. हा भाग कृपया लहान भावंडांनाही ऐकवा. डोक्यावर पिसांचा मोठा टोप असलेल्या बऱ्याच सिल्कींची कवटी वरच्या बाजूला घुमटासारखी असते आणि तिथलं हाड पूर्ण भरलेलं नसतं. म्हणजे मेंदूवर पातळ आवरण आणि कातडीच. तिथे दुसऱ्या कोंबडीने टोच मारली, तर पिल्लू लुळं पडू शकतं, मरूही शकतं. म्हणून सिल्कीची पिल्लं मोठ्या जातीच्या पिल्लांबरोबर एका खोक्यात ठेवायची नाहीत. आणि लाडाने डोक्यावर टपल्या मारायच्या नाहीत. उचलायचं तर छातीखाली हात घालून.

एखाद्या पिल्लाची मान वाकडी झाली, ते मागे-मागे चालायला लागलं, तर डोक्याला मार असू शकतो, जीवनसत्त्वांची कमतरता असू शकते किंवा मानमोडीही असू शकते. यूट्यूब बघून घरी ठरवता येत नाही. पिल्लू ताबडतोब वेगळं ठेवा आणि दाखवा.

तो टोप डोळ्यांवरही येतो. बरेच जण म्हणतात, "आमची सिल्की किती शांत आहे, हलतसुद्धा नाही." बाबांनो, तिला नीट दिसत नाहीये! घार वरून आली, मुंगूस कुंपणातून आलं, तर तिला शेवटच्या क्षणी कळतं. डोळ्यांसमोरची पिसं जपून कातरा, बघा ती कशी चुणचुणीत होते. तिच्याजवळ जाताना आधी आवाज द्या, मग समोरून जा. रात्री ती उंच दांडीवर बसत नाही. सगळ्या मिळून जमिनीवर एका कोपऱ्यात ढीग करून झोपतात. म्हणून खुराड्याची जाळी खालच्या बाजूने जास्त पक्की हवी.

आता या पाखराकडे भरभरून काय आहे ते सांगते. खुडूकपणा. सिल्कीइतकी हौसेने रवणीला बसणारी कोंबडी मी पाहिली नाही. अंडी कोणाचीही असोत, तिला फरक पडत नाही. बदकाचीसुद्धा उबवते. कडकनाथ कोंबडी फारशी खुडूक होत नाही, म्हणून तिची अंडी मी सिल्कीखाली ठेवते. तिचं अंग लहान, त्यामुळे सहा-सात अंडी पुरे. २१ दिवस ती जागची हलत नाही. छातीची पिसं उपटून अंड्यांना अंगाची ऊब देते, हात घातला की फुत्कारते. त्या दिवसांत ती खाणं-पिणंही विसरते, म्हणून दिवसातून एकदा तिला उचलून दाणापाण्याजवळ नेऊन ठेवावं लागतं. अंगावर पिसवा झाल्यात का तेही तेव्हाच बघून घ्यायचं.

पण खाली अंडी नसतानाही ती आठवडेच्या आठवडे बसून राहिली तर? गावाकडे खुडूक मोडायला कोंबडीला पाण्यात बुडवतात, नाकात पीस खुपसतात. सिल्कीला पाण्यात अजिबात बुडवू नका. ती लवकर वाळत नाही, गारठून आजारी पडते. जाळीचा तळ असलेल्या पिंजऱ्यात, उजेडात, खालून हवा लागेल असं तीन-चार दिवस ठेवा. दाणापाणी समोर असू द्या. उतरते खुडूक.

शेवटचा मुद्दा, ज्याच्यासाठी खरं तर हा भाग केला. सिल्कीचं पिल्लू नर की मादी, हे लहानपणी पाहून ओळखता येत नाही. चार-पाच महिने, कधी त्याहून जास्त लागतात. मग मादीचा टोप गोल चेंडूसारखा दिसतो, नराची पिसं मागे उडालेली दिसतात, तुरा जाड होतो आणि एका पहाटे तो बांग देतो. त्यामुळे "जोडी देतो" असं सांगून कोणी आठवड्याची पिल्लं विकत असेल, तर तो अंदाज विकतोय. चार पिल्लं घेतली, तर चारही माद्या निघण्याची शक्यता सोळात एक. म्हणजे तुमच्या घरी एक तरी कोंबडा होणार, हे जवळपास धरून चला.

तर तुम्ही फ्लॅटमध्ये राहताय, बाल्कनीत पिंजरा ठेवणार आहात आणि शेजारचे काका पहाटे साडेचारला बांग ऐकून दार वाजवणार आहेत. तेव्हा त्या कोंबड्याचं काय करायचं, हे पिल्लू आणण्याआधी ठरवा. गावी मामाकडे पाठवणार? मामाला विचारलंय का? त्यांच्याकडचे मोठे कोंबडे याला टोचणार नाहीत ना? आणि कापणार असाल तर तेही घरात आधी स्पष्ट बोला, विशेषतः घरात लहान मूल असेल आणि त्याने पिल्लाला नाव ठेवलं असेल तर. यात लाज कसली नाही. रात्रीतून गुपचूप रस्त्यावर सोडून येणं मात्र करू नका. न उडणारं, नीट न दिसणारं पाखरू कुत्र्यांपुढे एक रात्रही टिकत नाही.

म्हणून मेसेजचं उत्तर असं. कोरडी, बंदिस्त जागा आहे, जवळ पशुवैद्यक आहे, पावसाळ्यात रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास देणारं घरात कोणीतरी आहे आणि कोंबड्याचं ठरलंय, तर खुशाल घ्या. पण एकटं पिल्लू नको, निदान तीन तरी घ्या, कारण सिल्कीला सोबत लागते. यातलं एकही जमत नसेल, तर रील बघा, लाइक करा आणि पुढे जा. त्या पिल्लावर तेवढेच उपकार होतील.

तुमच्याकडे सिल्की असतील तर त्या रवणीला कशा बसतात, पावसाळ्यात तुम्ही काय सोय करता, ते मला व्हॉइस मेसेजवर नक्की सांगा. निवडक मेसेज पुढच्या भागात ऐकवेन. तोपर्यंत काळजी घ्या, आणि आज रात्री खुराड्याची कडी लावलीय ना, ते एकदा बघून या!