स्मरणशक्तीचा जमाखर्च

(देणगीदार व रुग्णकुटुंबीय मेळाव्यात रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



आम्ही मूळचे वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. वैद्यकशास्त्राविषयी अधिकारवाणीने बोलण्याची आमची पात्रता नाही. परंतु आपण विश्वासाने सोपविलेल्या प्रत्येक रुपयाचा विनियोग सत्कारणी होतो की नाही, हे पाहणे आमचे कर्तव्य आहे. त्या कर्तव्यापोटी गतवर्षी आम्हांस एका विषयाचा अभ्यास करावा लागला. तोच आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या एका देणगीदार स्नेह्यांनी आपल्या दिवंगत मातोश्रींच्या स्मरणार्थ, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सेलेनियमच्या गोळ्या विनामूल्य देण्यासाठी मोठी रक्कम देऊ केली. मातोश्री अखेरच्या काळात पोटच्या मुलालाही ओळखत नव्हत्या. त्यामागील भावना इतकी निर्मळ होती की, आम्ही तत्काळ दरपत्रके मागविली आणि खरेदीचा प्रस्ताव सिद्ध केला. तो वैद्यकीय विभागाकडे गेला आणि एका ओळीच्या शेऱ्यासह परत आला : ‘या रुग्णांच्या शरीरात सेलेनियम कमी आहे, हे कोणी तपासले आहे काय?’ आमच्यापाशी उत्तर नव्हते. घाई आमचीच झाली होती, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

सेलेनियम हे खनिज मूलद्रव्य. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८१७ मध्ये ते शोधले आणि ग्रीक चंद्रदेवतेवरून त्याचे नामकरण केले. शरीराला ते अत्यल्प लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढांसाठी दिवसाला ४० मायक्रोग्रॅम हे प्रमाण सुचविले आहे. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील केवळ चाळीस भाग! परंतु तेवढ्या अंशावाचून पेशींचे संरक्षण करणारी कित्येक प्रथिने तयारच होऊ शकत नाहीत.

मग मेंदूशी त्याचा संबंध कोठून आला? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या रक्तात सेलेनियम वाहून नेणारे एक प्रथिन वाढलेले आढळले. हे प्रथिन मुख्यत्वे यकृतात तयार होते. मेंदूत स्मरणाशी निगडित असा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. तेथील मूळपेशींपर्यंत सेलेनियम पोहोचले, की नव्या चेतापेशींच्या निर्मितीस चालना मिळते, असे त्यांना दिसून आले. वृद्ध उंदरांना व्यायामाऐवजी नुसते सेलेनियम दिले, तरी त्यांची शिकण्याची क्षमता सुधारली. बातमी आशादायक होती, यात संशय नाही. गोळ्यांच्या जाहिरातीही अशाच बातम्यांवर पोसल्या जातात.

परंतु खातेवहीची दुसरी बाजूही वाचावी लागते. अमेरिकेत साठीच्या व त्यापुढील ७,५४० पुरुषांचा सेलेनियम व ई जीवनसत्त्वासंबंधीचा दीर्घ अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला : या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश टळला नाही. उंदराचे यश माणसाच्या खात्यावर परस्पर जमा करता येत नाही.

शिवाय अधिक म्हणजे हितकर, हा नियम येथे लागू पडत नाही. अतिरिक्त सेलेनियमने केस गळतात, नखे ठिसूळ होतात. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या प्रारंभी बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसरात अनेक ग्रामस्थांचे केस काही दिवसांतच गळून पडले, हे आपणांस स्मरत असेल. महाडचे ज्येष्ठ वैद्य डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तेथे पाहणी करून सेलेनियमचे अतिरिक्त प्रमाण हे त्याचे कारण असल्याचे मत मांडले आणि शिधावाटपातील गव्हाकडे लक्ष वेधले. गव्हाविषयीच्या त्यांच्या निष्कर्षावर मतभेदही व्यक्त झाले. तथापि, हे खनिज वैद्यकीय सल्ल्यावाचून घेण्याचा पदार्थ नव्हे, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

आपल्या ताटाकडे पाहिले तर गव्हाची पोळी, डाळी, अंडी, बांगडा-तारलीसारखी मासळी यांतून सेलेनियम मिळतेच. धान्यातील त्याचे प्रमाण जमिनीवर अवलंबून असते. म्हणून एकाच धान्यावर विसंबून न राहता आहार मिश्र ठेवणे हेच शहाणपणाचे. आम्हांस येथे एक चिरंजीव भेटले. वडिलांच्या निवृत्तिवेतनातील मोठा हिस्सा ते दरमहा अशा बाटल्यांवर खर्च करीत आणि तेवढ्यासाठी घरचे दूध व अंडी बंद झाली होती. हा व्यवहार तोट्याचाच म्हटला पाहिजे.

आता व्यायामाविषयी. अमेरिकेतच १२० ज्येष्ठ नागरिकांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार सुमारे २ टक्क्यांनी वाढला. केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा तो किंचित घटला. हे सर्व लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त नव्हते, ही गोष्ट मात्र विसरता कामा नये. स्मृतिभ्रंश जडलेल्या रुग्णांकडून ब्रिटनमध्ये नेटाने व्यायाम करून घेण्यात आला. २०१८ मध्ये त्याचा निष्कर्ष आला : शरीराची ताकद वाढली, परंतु विस्मरणाची गती मंदावली नाही.

हे सांगताना आम्हांस क्लेश होतात. समोर बसलेल्या अनेकांच्या घरी असा रुग्ण आहे. परंतु खोटी आशा विकणे हे धर्मादाय संस्थेचे काम नव्हे. चालण्याने आईला आपले नाव पुन्हा आठवेल, असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही. पायांत बळ राहील, दिवस थोडा सुसह्य होईल, एवढे मात्र संभवते. आणि तिचा हात धरून चालणाऱ्या लेकीच्या, सुनेच्या, वृद्ध पतीच्या मेंदूसाठी ते चालणे अधिक मोलाचे आहे. शारीरिक निष्क्रियता हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक आहे, हे २०२४ च्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालानेही नमूद केले आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचविते. शुश्रूषा करणाऱ्यांना तेवढीही उसंत मिळत नाही, हे आम्ही रोज पाहतो.

हे सारे आम्ही देणगीदार स्नेह्यांपुढे मांडले. ते क्षणभर स्तब्ध राहिले. मग म्हणाले, ‘आईला अंगणात फेऱ्या मारायला फार आवडे. शेवटी शेवटी धरायला काही नसल्याने ते राहून गेले.’ त्यांच्या संमतीने आणि विश्वस्त मंडळाच्या ठरावाने ती रक्कम आवारातील चालण्याच्या वाटेवर दुतर्फा कठडे व बाके बसविण्यासाठी आणि सकाळी रुग्णांसोबत चालणाऱ्या एका मदतनिसाच्या मानधनासाठी वर्ग करण्यात आली आहे. मदतनीस रुग्णापाशी असताना कुटुंबीयांनीही चार फेऱ्या माराव्यात, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

वाटेच्या प्रारंभी त्या माउलींच्या स्मरणार्थ लहानशी पाटी लावली आहे. गोळ्यांची बाटली महिन्याभरात रिकामी झाली असती. कठडा मात्र अनेक वर्षे अनेकांच्या हाताला आधार देईल. आपल्या देणगीचा हा हिशेब आपण मान्य कराल, असा विश्वास आहे.