ट्रॅक लागत नाही, म्हणून लगेच उडवू नका
(संस्थेच्या कराओके गटापुढे क्लब हाउसमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला गायला न सांगता बोलायला सांगितलं, हे समितीचं शहाणपण. विषय दिलाय ‘ट्रॅक का लागत नाही’. शनिवारचा आपला बराच वेळ यातच जातो. कोणीतरी आठवडाभर तयारी करून येतं, माइक हातात घेतं आणि पडद्यावर इंग्रजीत पाटी झळकते, की ही फाइल वाचता येत नाही. मागून आवाज येतो, “खराब झाली असेल, उडवा ती!” या ‘उडवा’बद्दल माझी तक्रार आहे.

बँकेत चेक परत गेला तर सोबत मेमो जातो. सही जुळत नाही, तारीख उलटून गेली, शिल्लक पुरेशी नाही, काय ते कारण लिहिलेलं असतं. हे कराओकेचं सॉफ्टवेअर नुसता चेक परत करतं, मेमो देत नाही. तो मेमो आपणच शोधायचा. आणि पुष्कळ वेळा खात्यात पैसे असतात, बरं का! गाणं आत शाबूत असतं.

सुरुवात फाइलच्या नावापासून करू. नावाच्या शेवटी टिंब देऊन एमपीथ्री, एमफोरए असं जे शेपूट असतं, ती नुसती चिठ्ठी. लोणच्याच्या बरणीवर मुरांब्याची चिठ्ठी लावली म्हणून आत मुरांबा होत नाही. पण आपल्याकडे काय होतं, सॉफ्टवेअर एमफोरए घेत नाही म्हटल्यावर कोणीतरी हुशारीनं नाव बदलून एमपीथ्री करतं. काही प्लेअर बरणी उघडून वास घेतात, ते वाजवतात. बाकीचे चिठ्ठीवर विश्वास ठेवून चमचा घालतात आणि तोंड वाकडं करतात. त्यात विंडोजमध्ये हे शेपूट मुळातच लपवलेलं असतं. फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ते दिसेल असं करून ठेवा. नातवंडांना सांगितलंत तर मिनिटाचं काम.

आत खरं काय आहे ते बघायची एक युक्ती सांगतो. फाइलची एक प्रत काढा आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. सगळा चिनी-जपानी कचरा दिसेल, घाबरू नका. फक्त सुरुवातीची चार-आठ रोमन अक्षरं बघा. ‘आयडी’ आणि पुढे तीनचा आकडा दिसला तर बहुतेक एमपीथ्री. ‘आर-आय-एफ-एफ’ असेल तर बहुधा वेव्ह. ‘ओजीजी’ आणि पुढे ‘एस’ असेल तर ऑग. व्हॉट्सॲपवर आपण बोलून पाठवतो तो आवाज याच जातीचा असतो. अगदी सुरुवातीलाच ‘एफटीवायपी’ दिसलं तर एमफोरए किंवा एमपीफोर. आणि ‘एचटीएमएल’ दिसलं तर ते गाणंच नाही. डाउनलोड करताना गाण्याऐवजी वेबसाइटचं पान उतरवलं गेलंय. बघून झालं की ‘सेव्ह’ न करता बंद करा.

दुसरा तपास वजनाचा. हा माझ्या आवडीचा, कारण यात बेरीज जुळते. साधारण १२८ केबीपीएसचं एमपीथ्री एका मिनिटाला जवळपास १ एमबी जागा घेतं. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल मिनिटाला १० एमबी घेते. म्हणजे पाच मिनिटांचं एमपीथ्री ५ एमबीच्या आसपास हवं. ते ४० केबीचं दिसलं तर गाणं पूर्ण उतरलेलंच नाही. पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगायचं, विषय संपला.

ज्यांच्याकडे परदेशातून आलेले सीडीजी ट्रॅक आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. जुन्या कराओके सीडीवर आवाजाबरोबर उरलेल्या थोड्या जागेत शब्दांची चित्रं साठवत. १६ रंग, एवढंसं चित्र. त्याच पद्धतीच्या आता दोन फायली असतात. सीडीजी फाइलमध्ये फक्त चित्रं, आवाज अजिबात नाही. आवाज शेजारच्या एमपीथ्रीमध्ये. दोघांचं नाव अक्षरशः एकच लागतं आणि राहायचंही एकाच फोल्डरमध्ये. एक फाइल दोनदा डाउनलोड झाली की तिच्या नावापुढे कंसात १ लागतो, आणि झाली जोडी वेगळी! आपल्या गटात या कंसातल्या एकानं जेवढी गाणी बंद पाडली, तेवढी कुठल्याही व्हायरसनं पाडली नसतील. तो कंस काढा, जोडी पुन्हा गायला लागते.

आता ज्या प्रसंगामुळे समितीनं मला इथे उभं केलं, तो सांगतो. आपल्यातल्याच एका वहिनींच्या परवानगीनं सांगतो आहे. त्यांचे यजमान हार्मोनियम वाजवत. जाण्याच्या आधीच्या वर्षी त्यांनी वहिनींसाठी, त्यांच्या पट्टीत, चार गाण्यांची साथ घरीच मोबाइलवर वाजवून ठेवली. बाजारातला ट्रॅक मूळ गायिकेच्या पट्टीत असतो. तो खाली उतरवता येतो, पण वहिनी कुठे श्वास घेतात हे त्याला कुठून कळणार? ते या पेटीला माहीत होतं. त्या चारपैकी एकही फाइल इथल्या लॅपटॉपवर लागेना. घरात ठरलं, की फोन बदलताना खराब झाल्या. एका भल्या माणसानं तर जागा मोकळी करायचाही सल्ला दिला.

वजन बघितलं, व्यवस्थित होतं. नोटपॅडमध्ये ‘एफटीवायपी’ दिसलं. म्हणजे होती एमफोरए, चिठ्ठी एमपीथ्रीची. व्हीएलसी या फुकट मिळणाऱ्या प्लेअरमध्ये टाकली. तीन फायली सरळ वाजल्या. वहिनी काही बोलल्या नाहीत, खुर्ची थोडी पुढे ओढून बसल्या.

चौथी मात्र उघडली नाही. वजन पूर्ण, अक्षरं बरोबर, तरी नाही. बहुधा रेकॉर्डिंग चालू असताना फोनची बॅटरी संपली असावी. एमफोरएमध्ये आतल्या आवाजाची अनुक्रमणिका फोन साधारणपणे शेवटी, रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहितो. ते राहिलं, की लेजरमध्ये सगळ्या नोंदी आहेत पण फोलिओ नंबरच नाहीत, अशी अवस्था होते. अशी फाइल दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर आहेत. त्यांना त्याच फोनवर केलेली एक चांगली फाइल नमुना म्हणून द्यावी लागते. नमुन्याला बाकीच्या तीन आहेतच. बी विंगमधला एक इंजिनिअर मुलगा त्यामागे लागला आहे. जागा मोकळी केली असती, तर त्याच्याकडे द्यायला काय उरलं असतं?

चालणाऱ्या तीन फायलींचं रूपांतर ऑडॅसिटीमध्ये केलं. तेही फुकट आहे. एमफोरए उघडायला त्याला एफएफएमपेग नावाची जोड लागते, ती एकदाच बसवायची. मग ‘एक्स्पोर्ट’मध्ये एमपीथ्री, ४४१०० हर्ट्झ, स्टिरिओ आणि बिट रेट ‘कॉन्स्टंट’. ‘व्हेरिएबल’ ठेवलात तर काही कराओके सॉफ्टवेअरमध्ये शब्द पुढे आणि सूर मागे अशी फरफट होते. वेव्ह बनवणार असाल तर १६ बिट घ्या. ३२ बिटची वेव्ह बरेच जुने प्लेअर नाकारतात.

एका बाबतीत मात्र माझ्याकडे येऊ नका. महिन्याची वर्गणी भरून मोबाइलच्या ॲपमध्ये जी गाणी ‘डाउनलोड’ होतात, ती कुलूपबंद असतात. लॉकरला जशा दोन किल्ल्या, तसं आहे ते. एक तुमची, दुसरी कंपनीची. आणि दुसरी आपल्याला मिळत नाही. ती त्याच ॲपमध्ये ऐका.

पेनड्राइव्हबद्दल थोडक्यात. लॅपटॉपवर वाजतं आणि आपल्या मोठ्या स्पीकरवर नाही, असं झालं तर फाइलला दोष देऊ नका. असे बरेच स्पीकर फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्हच ओळखतात. फॉरमॅट करण्याआधी त्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, कारण फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी. देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसत असतील तर रोमन अक्षरांत छोटं नाव द्या.

तर पुढच्या शनिवारपासून एवढं करा. ज्यांचे ट्रॅक अडलेत त्यांनी साडेपाचऐवजी पाचला या, मी लॅपटॉप घेऊन बसलेला असेन. नाव बदललेली, रूपांतर केलेली फाइल आणाच, पण मूळ फाइलही आणा, आणि ती ज्या फोनवर आली तो फोनही. चार्जरसकट.